सोफा दिलाय कुणाला तरी

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी सकाळी मी एका गरोदर मुलीशी खोटं बोलले. नवऱ्याने गॅरेज आवरायला काढलं होतं आणि मला न विचारता कॅलिफोर्नियातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकून दिला होता: 'तीन सीटर सोफा, जुना पण मजबूत, फुकट. फ्रीमाँटहून स्वतः न्यावा लागेल.' दहा मिनिटांत मला तिचा मेसेज आला. नागपूरची मुलगी, पाडव्याच्या कार्यक्रमात ओळख झालेली. नवरा-बायको फेब्रुवारीत आलेले, अपार्टमेंट रिकामं, अजून हवा भरायच्या गादीवर झोपतात. 'ताई, सोफा आहे ना अजून? आम्ही अर्ध्या तासात येतो. मला आता खाली बसलं की उठणं होत नाही,' आणि पुढे डोळे मिटून हसणारा चेहरा. मी लिहिलं, 'अगं, दिलाय कुणाला तरी.' हे लिहिताना मी त्याच सोफ्यावर बसले होते. मांडीखाली स्प्रिंगचा ओळखीचा उंचवटा टोचत होता.

तिने 'ओके ताई, काही हरकत नाही' म्हणून जोडलेले हात पाठवले. ते हात दोन-तीन दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलले नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, मग खरं काय ते सांगायचं ना." सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की बाई, हा सोफा वरून दिसतो तसा नाहीये? ती म्हणणार, ढेकूण आहेत का? नाही, ढेकूण नाहीत. ढेकूण असते तर एका शब्दात सांगून मोकळी झाले असते.

हा सोफा आम्हालाही असाच मिळाला होता. २००८ साल. सनीव्हेलचं एक मराठी कुटुंब कायमचं पुण्याला परत निघालं होतं, त्यांच्या मूव्हिंग सेलमध्ये साठ डॉलरला आम्ही तो उचलला. वर एक कुकर आणि अर्धी बाटली हिंग काकूंनी तसंच दिलं. रंग भिजवलेल्या मेथीदाण्यासारखा, आणि इतका मऊ की बसलेला माणूस हळूहळू दिसेनासा व्हायचा. सासरे आले तेव्हा म्हणाले होते, "यातून उठायला क्रेन मागवावी लागेल." पण घरात बसायला स्वतःचं काहीतरी आलं याचा तेव्हा केवढा आनंद होता! सीटची उशी उचलली की खाली शिवणीत एक पांढरी कापडी पट्टी होती. तिच्यावर सगळी अक्षरं कॅपिटल, जणू कुणी ओरडून सांगतंय: ही वस्तू कॅलिफोर्नियाच्या टेक्निकल बुलेटिन ११७ च्या ज्वलनशीलतेच्या अटी पूर्ण करते. खाली बनवल्याचं साल, २००३. नवऱ्याने ती मला वाचून दाखवली होती. "बघ, सोफ्यालासुद्धा स्टँडर्ड असतं इथे." आम्ही दोघंही भारावलो होतो. कराडला आमच्या दारात बसून सुताराने केलेल्या दिवाणाला कुणी कसली पट्टी लावली होती?

आणि मला तर ती पट्टी वाचून एकदम मावशी आठवली होती. मी सहा-सात वर्षांची असताना माझ्या धाकट्या मावशीच्या नायलॉनच्या साडीने पेट घेतला होता. पंपाचा स्टोव्ह भडकला आणि पदर. तेवढंच. ती वाचली, पण तिचा उजवा हात आणि मान कायमची निराळ्या कातडीची झाली, गुळगुळीत, ताणलेली, सायीसारखी. त्या दिवसात घरभर बर्नॉलचा आणि जळक्या नायलॉनचा मिसळलेला वास असायचा. आमच्या पिढीतल्या कुठल्याही मराठी बाईला विचारा, तिच्या ओळखीत एक तरी स्टोव्हचा भडका निघेल, आणि त्यातले सगळे भडके स्टोव्हचेच होते असंही नाही. त्यामुळे आगीची भीती ही माझ्यासाठी जाहिरातीतली गोष्ट नव्हती. कुणीतरी दूरवर बसून माझ्या सोफ्याला आग लागू नये म्हणून काळजी घेतली आहे, हे वाचून मला बरं वाटलं होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढचं सगळं कळल्यावर 'आपल्याला तेव्हाच शंका आली होती' असं म्हणायचा मोह होतो.

नव्हती आली.

रेवा २०१० मध्ये झाली आणि बाळंतपणाला आई आली. आईला इथलं सगळं आवडलं. रस्ते, लायब्ररी, दुधाचे गॅलन. एकच गोष्ट तिला शेवटपर्यंत पटली नाही, कार्पेट. पहिल्याच सकाळी ती हातात ओलं फडकं घेऊन हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "या घराला जमीनच नाही गं. पुसू काय?" माझ्या आईचा दिवस केर काढल्याशिवाय आणि फरशी पुसल्याशिवाय सुरूच होत नाही. कार्पेट पुसता येत नाही म्हटल्यावर तिने बाकीचं सगळं पुसायला घेतलं. खिडक्यांच्या कडा, टीव्हीची मागची बाजू, टेबलाचे पाय, सोफ्याचे हात. रोज, ओल्या फडक्याने, फडकं तीनदा पिळून. व्हॅक्युम क्लीनरवर तिचा विश्वास बसला नाही. "हे यंत्र धूळ खातंय का फुंकतंय?" तिने मागून येणाऱ्या गरम झोतापुढे तळहात धरून विचारलं होतं. मी हसले होते. पुढे कळलं की चांगला फिल्टर नसलेला व्हॅक्युम जाड कचरा घेतो आणि बारीक धूळ खरोखरच परत हवेत सोडतो. आमचा चाळीस डॉलरचा होता.

एकदा तिने सोफा पुढे ओढायला लावला आणि त्याच्या खालून राखाडी गोळा काढून माझ्यापुढे तळहातावर धरला. "याला इथे काय म्हणतात?" मी म्हटलं, "डस्ट बनी." "म्हणजे?" "धुळीचा ससा." आई हसून हसून खाली बसली. मग आम्ही दोघींनी तो ससा उलगडून पाहिला, चिंध्यांच्या गाठोड्यात काय आहे ते बघावं तसा. माझे गळलेले लांब केस (बाळंतपणानंतर मूठमूठ जात होते), कार्पेटचे तंतू, एक जिऱ्याचा दाणा, रेवाच्या कुंचीवरची टिकली, नखाचा तुकडा, आणि पिवळसर, कुस्करलेल्या ढोकळ्यासारखे बारीक कण. ते कण कसले ते आम्हाला कळलं नाही. आई म्हणाली, "बेसन सांडलं असेल."

ते बेसन नव्हतं, सोफ्याचा फोम होता. उजव्या हाताच्या कोपऱ्यावर कापड विरलं होतं, तिथून तो झडायचा. रेवा आठ-नऊ महिन्यांची झाल्यावर त्याच कोपऱ्याला धरून पहिल्यांदा उभी राहिली. उभी राहिली की हिरड्या शिवशिवायच्या म्हणून तोच कोपरा चावायची, आणि चावून झालं की त्या भोकात बोट घालून फोम टोकरत बसायची. माझ्याकडे तिचा व्हिडिओ आहे. मागून माझा आवाज ऐकू येतो, "ए उंदरा!"

टेक्निकल बुलेटिन ११७ हा कॅलिफोर्नियाचा १९७५ सालचा नियम. सोफ्यातल्या फोमचा तुकडा घ्यायचा, त्याच्याखाली मेणबत्तीएवढी ज्योत बारा सेकंद धरायची, तो पेटता कामा नये. पॉलियुरेथेन फोम म्हणजे मुळात घट्ट केलेलं पेट्रोलियमच, भुसभुशीत, हवा भरलेलं; तो पेटणारच. मग कारखानदारांनी सगळ्यात स्वस्त मार्ग काढला, फोममध्ये ब्रोमीनची किंवा क्लोरीनची अग्निरोधक रसायनं कालवायची. थोडीथोडकी नाही, फोमच्या वजनाच्या काही टक्के. एका मोठ्या सोफ्यात ती किलोच्या हिशोबात भरतात. आणि एका राज्यासाठी वेगळा सोफा कोण बनवणार, म्हणून हळूहळू सगळ्या अमेरिकेतच तसे सोफे गेले. गंमत अशी की खऱ्या घरात ज्योत फोमला आधी लागत नाही, वरच्या कापडाला लागते. आणि कापड पेटून फोमपर्यंत पोचेतो ती बारा सेकंदांची मेणबत्ती राहिलेली नसते, होळी झालेली असते. सोफ्याच्या बहुतेक आगी तर धुमसत्या सिगारेटीने लागायच्या. पण सिगारेट बदलण्यापेक्षा सोफा बदला, हे सिगारेटवाल्यांच्या सोयीचं होतं. २०१२ साली 'शिकागो ट्रिब्यून'ने ही सगळी भानगड लेखमालेतून उकरून काढली. त्यात भाजलेल्यांवर उपचार करणारे एक नामांकित सर्जन होते. नियम बदलू नये म्हणून ते आमदारांपुढे एका मेणबत्तीने भाजून मेलेल्या तान्ह्या बाळाची गोष्ट सांगायचे. ट्रिब्यूनने शोधलं, तर तसं बाळ नव्हतंच.

हे वाचलं तेव्हा मला राग आला तो मावशीच्या वतीने. माणसाला खरोखर आग लागते. तिचा वास खरा असतो. त्या वासाचं कुणीतरी भांडवल केलं.

पण रसायनं सोफ्यात आहेत तर सोफ्यातच राहतील ना, असं मला बरेच दिवस वाटायचं. ती राहत नाहीत, कारण ती फोमला बांधलेली नसतात, नुसती कालवलेली असतात. स्वयंपाकघरातल्या हळदीचं बघा. डबा बंद असतो, चमचा आत असतो, तरी आठवड्याने ओट्याच्या फटीत, मिक्सरच्या बटणावर, फ्रीजच्या रबरात, पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर हळद असतेच. तशीच ही रसायनं फोममधून वर्षानुवर्षं सुटत राहतात, थोडी हवेत, थोडी झडणाऱ्या कणांबरोबर, आणि घरातल्या धुळीला चिकटून बसतात. हळद पिवळी असते म्हणून कळतं. धूळ हाताला लागते, हात तोंडात जातो. मोठ्या माणसाचा पोळी खाताना, रांगत्या बाळाचा तर दिवसभर. अन्नसाखळीतून येणाऱ्या बाकीच्या चिवट विषांची मुख्य वाट ताट असते. या पीबीडीई नावाच्या ब्रोमीनवाल्यांची अमेरिकेतली मुख्य वाट मात्र घरातली धूळ निघाली. अमेरिकन माणसांच्या रक्तात ती युरोपातल्यांपेक्षा दहापट आणि त्याहूनही जास्त सापडायची. आणि मांजरांच्या रक्तात माणसांच्याही कितीतरी पट, कारण मांजर कार्पेटवर लोळतं आणि मग अंगावरची सगळी धूळ चाटून स्वच्छ करतं. म्हातारपणी थायरॉइड वाढलेली मांजरं इथे घरोघरी असतात; शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्यांच्या मांजराला रोज गोळी भरवायच्या आणि मला ते अमेरिकन लाड वाटायचे.

आमच्या लहानपणीची धूळ निराळी होती असं म्हणताना जरा दबकते, कारण लगेच 'गेले ते दिवस' सुरू होतं. गेले ते दिवस काही फार चांगले नव्हते. आजीचे डोळे चुलीच्या धुराने कायम लाल असायचे, खोकला तर तिच्या बोलण्याचाच भाग होता. पण ती धूळ कुठून आली हे सांगता यायचं. साखर कारखाना सुरू झाला की गच्चीवरच्या पापडांवर काळी काजळी पडायची, आई म्हणायची, "गाळप सुरू झालं वाटतं." एसटी गेली की तिचा फुफाटा पायरीपर्यंत यायचा. दिवाळीआधी पिंजारी यायचा, अंगणात गादी फोडायचा आणि त्याच्या पिंजणाच्या टणत्काराबरोबर कापूस उडत राहायचा. आम्हा पोरांच्या पापण्यांवर बसायचा, नाकात जायचा. आई ओरडायची, "तोंड मिटा, पोटात जाईल!" पोटात जातं हे तिला तेव्हाही माहीत होतं. धूळ ही बाहेरून येणारी गोष्ट होती आणि घर म्हणजे ती झाडून पुन्हा बाहेर काढायची जागा. घरच धूळ पिकवतं, आणि तीही अशी, हे आमच्या हिशोबात कुठे नव्हतं.

रेवाचे हात आई दर खाण्याआधी पुसायची. मी वैतागायचे. "आई, ती घरातच आहे सकाळपासून. बाहेर कुठे गेलीय?" आई म्हणायची, "घर काय हवेत टांगलंय?" पुढे न्यूयॉर्कमधल्या काही आयांवर केलेला एक अभ्यास माझ्या वाचण्यात आला. त्यांना आठवडाभर जास्त वेळा हात धुवायला आणि ओल्या फडक्याने घर पुसायला सांगितलं, तर त्यांच्या हातांवरची ही रसायनं बरीच खाली आली. मी तो लेख आईला फोनवर वाचून दाखवला, मराठी करून. ती म्हणाली, "एवढ्यासाठी अभ्यास केला?"

मला सगळ्यात आतवर लागलेलं संशोधन मात्र आमच्या घरापासून दीड तासाच्या अंतरावरचं आहे. सलीनासचं खोरं, स्ट्रॉबेरी आणि लेट्यूसची शेतं, तिथे राबणारी मेक्सिकन कुटुंबं. बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी आणि त्यांचे सहकारी १९९९ पासून तिथल्या आया आणि मुलांच्या मागावर आहेत. खरा विषय कीटकनाशकांचा. पण त्यांनी पीबीडीईही मोजले. कॅलिफोर्नियात जन्मलेल्या सात वर्षांच्या मुलांच्या रक्तात ते त्यांच्या आयांच्या गरोदरपणातल्या प्रमाणाच्या तिप्पट होते, आणि मेक्सिकोत राहिलेल्या तशाच मुलांच्या सातपट. आईला अमेरिकेत येऊन जितकी वर्षं जास्त, तितकं तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त. घरात फोम भरलेलं फर्निचर जितकं जास्त, तितकंही. हे वाचलं त्या रात्री मी स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ काही केलं नाही. आम्ही ग्रीन कार्डाच्या रांगेत चौदा वर्षं काढली. दर वर्षी नवीन कागद, दर वेळी तोच प्रश्न, तुम्ही इथले की तिथले. आणि रक्ताने कुणाला न विचारता पहिल्या सोफ्यापासूनच इथलं व्हायला सुरुवात केली होती. त्याच मुलांमध्ये, ज्यांच्यात प्रमाण जास्त त्यांचं लक्ष कमी लागणं, हातांच्या बारीक हालचालींत मागे पडणं, बुद्ध्यांक थोडा खाली असणं, असा संबंधही त्यांना दिसला. संबंध दिसणं म्हणजे एकेका मुलावर शिक्का मारता येणं नव्हे, हे मला समजतं. पण रेवा पाण्याची बाटली शाळेत विसरून आली की माझी नजर आपोआप त्या कोपऱ्याकडे जायची. पंधरा वर्षांची कुठली मुलगी बाटली विसरत नाही?

२०१६ मध्ये मी नमुना पाठवला. ड्यूक विद्यापीठात हेदर स्टेपलटन यांची प्रयोगशाळा तेव्हा लोकांच्या घरातले फोम फुकट तपासून द्यायची. (त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात १०२ अमेरिकन सोफ्यांपैकी ८५ टक्क्यांत अग्निरोधक निघाले होते.) गोटीएवढा तुकडा कापायचा, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा, झिपलॉकमध्ये घालायचा. मी तो त्याच भोकातून कापला. फॉइल गुंडाळताना हात थेट डब्याच्या पोळ्या गुंडाळतात तसेच चालले, आणि मला विचित्र हसू आलं. काही आठवड्यांनी ईमेल आली. पेंटाबीडीई, पीबीडीईंमधलंच एक. म्हणजे ज्याचं उत्पादन अमेरिकेत २००४ अखेर थांबलं, २००९ मध्ये जे चिवट विषांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं, तेच. आम्ही घरात आणलं तेव्हा ते बनणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. सोफा मात्र बंद होत नाही, तो फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

आता वाचणाऱ्याला वाटेल की मी दुसऱ्या दिवशी सोफा बाहेर काढला. नाही काढला. तो गॅरेजमध्ये गेला तोही तीन महिन्यांनी, आणि तिथे नऊ वर्षं राहिला. पहिलं कारण पैसे, दुसरं आळस, तिसरं कोविड. त्या वर्षी नवऱ्याने ऑफिसचे सगळे कॉल त्याच्यावर बसून केले. चौथं कारण मला आवडत नाही पण तेच खरं असावं: त्याच्यावर बसून मी रेवाला दूध पाजलं होतं. तिच्या बाजूने मांडीवर जी नर्सिंगची उशी असायची तीही फोमचीच. स्वीडनमध्ये आयांच्या दुधाचे नमुने वर्षानुवर्षं साठवलेले होते. तिथल्या संशोधकांना दिसलं की १९७२ ते १९९७ या काळात दुधातले पीबीडीई दर पाच वर्षांनी साधारण दुप्पट होत गेले. तिथे नंतर यातली काही रसायनं बंद झाली आणि प्रमाण उतरलंही. दूध पाजू नका असं कुणीच म्हणालं नाही, म्हणतही नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण त्या सोफ्याचा कुठलाही एक क्षण आता मला एकट्याने आठवत नाही. प्रत्येक आठवणीबरोबर एक आकडा येतो.

अर्लीन ब्लम या बाई मला म्हणूनच जवळच्या वाटतात. या रसायनशास्त्रज्ञ, आणि गिर्यारोहक. १९७८ मध्ये अन्नपूर्णेवर गेलेल्या बायकांच्या मोहिमेच्या नेत्या. त्याआधी वर्षभर, १९७७ मध्ये, त्यांनी ब्रूस एम्स यांच्याबरोबर लिहिलं की लहान मुलांच्या झोपायच्या कपड्यांना लावलेल्या ट्रिस नावाच्या अग्निरोधकापासून कर्करोगाचा धोका संभवतो. त्याच वर्षी ते पायजमे बंद झाले. मग त्या ब्रोमीनवाल्या ट्रिसचा क्लोरीनवाला भाऊ आला, तोही कपड्यांतून गेला. तीसेक वर्षांनी त्या परत या विषयाकडे वळल्या, तर तोच भाऊ सोफ्यांत आणि बाळांच्या वस्तूंत आरामात बसलेला. त्यांच्या स्वतःच्या घरातली धूळ तपासली तर तिच्यात भरपूर पीबीडीई, सोफ्यात पेंटा, आणि मांजराला थायरॉइड. हिमालय चढून आलेल्या बाईला दिवाणखान्यात गाठलं म्हणायचं. त्यांच्यासारख्यांच्या रेट्याने कॅलिफोर्नियाने तो बारा सेकंदांचा नियम बदलला. २०१५ पासून पट्टीवर दोन चौकोन आले, अग्निरोधक घातलेत की नाहीत, बरोबरची खूण करायची. आणि १ जानेवारी २०२० पासून नव्या सोफ्यात, गादीत, बाळांच्या वस्तूंत ते घालून विकायलाच बंदी. नव्या सोफ्यात.

मधल्या काळात आमच्या ग्रुपवर काळ्या चमच्यांचं प्रकरण होऊन गेलं. २०२४ च्या ऑक्टोबरात एक अभ्यास आला की काळ्या प्लॅस्टिकच्या उलथन्यांत जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या भंगारातून आलेली अग्निरोधकं सापडतात. दोन दिवसांत निम्म्या मंडळाने उलथनी फेकली, डोशाची लाकडी उलथनी कुठे मिळतात याची लिंक फिरली. डिसेंबरात कळलं की अभ्यासात सुरक्षित मर्यादेचा गुणाकार चुकला होता. साठ गुणिले सात हजार म्हणजे चार लाख वीस हजार, त्यांनी लिहिलं बेचाळीस हजार. एक शून्य. लगेच उरलेल्या निम्म्या मंडळाला ऊत आला, 'बघा, सगळं थोतांड.' मला दोन्ही पार्ट्यांचा कंटाळा आला. शून्य चुकलं म्हणजे भंगारातलं ब्रोमीन चमच्यात आलं हे चुकत नाही, आणि ते आलं म्हणजे कालच्या डोशाने कुणी आजारी पडत नाही. पण असं मधलं काही ग्रुपवर लिहिलं की त्याच्याखाली कुणी अंगठासुद्धा टाकत नाही. भारतातही २०१८ मध्ये या जुन्या अग्निरोधकांवर बंदीचे नियम आले, २०२० मध्ये मंत्रिमंडळाने स्टॉकहोम करारातल्या सात रसायनांवरच्या बंदीला मंजुरी दिली, त्यात पेंटाही आहे. मी कराडला गेले तेव्हा भाच्याच्या हातात काळ्या प्लॅस्टिकची जीप होती. भावाला म्हटलं, "हे चावू देऊ नकोस." तो म्हणाला, "ताई, तू तिकडं जाऊन लई भित्री झालीस." पुढे मी काही बोलले नाही.

तर तो शनिवार. खोटं बोलून झाल्यावर मी फोटो ग्रुपवरून काढायला लावला आणि शहराच्या मोठ्या सामानाच्या गाडीला फोन केला. गाडी बुधवारी आली. तिच्या मागच्या जबड्याने सोफा मधोमध दाबला, लाकूड कडाडलं, आणि फाटलेल्या कापडातून पिवळा भुगा उन्हात उडाला. मी श्वास रोखून धरला. गाडीचा माणूस दोन हात अंतरावर उभा होता, तोंडाला काही नाही, तो लिव्हर धरून शांतपणे बघत होता. त्याच्यासमोर नाक दाबायची मला लाज वाटली, म्हणून मी नुसती वळले. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. तिने विचारलं, "कुठे नेला?" मी म्हटलं, "डेपोत. पुरतील." "म्हणजे मातीत," आई म्हणाली, आणि मग विषय बदलून गॅसची टाकी कशी उशिरा आली ते सांगत बसली.

जुलैत त्या नागपूरच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने आमच्यातल्याच एकीने केलेले, सुधारस, वड्यांचा वास, आणि खिडकीतून येणारं कडक ऊन. तिची आई व्हिसा न मिळाल्याने स्क्रीनवर होती, टीव्हीच्या बाजूला टेकवलेल्या फोनमधून ओटी कशी भरायची ते सांगत होती. मला बसायला त्यांनी सोफ्यावर जागा केली. चॉकलेटी, तीन सीटर, हातावर जरीचा टेबलक्लॉथ टाकलेला. "ताई, मिळाला ना आम्हाला पण," ती म्हणाली. "सांता क्लाराचं एक कुटुंब इंडियाला परत चाललं होतं, त्यांनी दिला. कुकरसकट." सगळ्या हसल्या, मीही हसले. बसल्यावर तो ओळखीचा मऊपणा मला खाली घेत गेला. आमच्यातली एक पेढा की बर्फी विचारत वाट्या उघडायला लावत होती, फोनमधून आई ओरडत होती की आधी मुलाचं नाव घेऊ नका गं, आणि माझा हात सीटच्या उशीखाली, शिवणीच्या कडेने पुढे सरकत होता. आधी एक हेअरपिन लागली. मग कापडी पट्टी. बोटाखाली छापलेली अक्षरं लागत नाहीत, आणि चष्मा पर्समध्ये, पर्स आत बेडरूममधल्या ढिगाखाली. ऊन सोफ्याच्या हातावर तिरकं पडलं होतं आणि त्यात बारीक कण वरखाली करत होते, जसे कुठल्याही घरात करतात.

"ताई, काही पडलं का तुमचं?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांब, चष्मा घेऊन येते. तुला एक दाखवायचंय."